नातवाला वेल्डिंगला घालू का?

डोंबिवली,
19 जानेवारी 2025

प्रिय गजा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये लोंबकळत होतो, धड बोलणं झालं नाही. नातवाला आयटीआयला वेल्डिंगला घालू का आणि पुढे गोदीत काम असेल का, असं विचारत होतास. 'घाल' म्हणून फोन ठेवला असता, पण 94 साली शंकुल पाणबुडी नौदलात गेल्यावर तूच माझगाव गोदीतून पेटी उचलून गावाला, थळला गेला होतास. तुला एका शब्दावर कसं पटेल?

परवा 15 तारखेला माझगावात बांधलेल्या तीन बोटी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या: सुरत विनाशिका, म्हणजे मोठी युद्धनौका, तिच्याहून जरा लहान निलगिरी फ्रिगेट आणि वाघशीर पाणबुडी. टीव्हीवर भाषण चालू होतं आणि मी मेला वाघशीरच्या पाठीवरचे जोड शोधत बसलो होतो. रंगाखाली काय दिसणार! सून हसत होती.

आपली शल्की आठवते? देशात बांधलेली पहिली पाणबुडी. ते पोलाद आधी तापवायचं, मगच टाका घालायचा, आणि एक्स-रेत टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी सगळा जोड खरवडून पुन्हा भरायचा. 92 साली ती नौदलात गेली, मागोमाग शंकुल. मग पाणबुडी खरेदीतल्या दलालीच्या आरोपांचा धुरळा उडालेला होताच, पुढच्या बोटी आल्याच नाहीत. स्कॉर्पीन या फ्रेंच जातीच्या पाणबुड्यांचा करार झाला 2005 साली. मधल्या अकरा वर्षांत तुझ्यासारखे हात पांगले. कोणी आखातात गेला, कोणी गावाला, कोणी ग्रिलची दुकानं टाकली. यंत्रांवर ताडपत्री घालून ठेवता येते रे, हाताचं तसं होत नाही. स्कॉर्पीनमधल्या पहिल्या कलवरीच्या वेळी आम्ही पोरांना अगदी पहिल्यापासून शिकवलं. ती 2012 ला मिळायची होती, मिळाली डिसेंबर 2017 मध्ये. उशिराची कारणं पुष्कळ सांगतात, पण मला विचारशील तर पहिलं कारण ते अकरा वर्षांचं रिकामपण. त्यानंतर दोन महिन्यांनी मी निवृत्त झालो.

आता उलट बघ. कोलकाता विनाशिकेचा तळाचा कणा 2003 ला ठेवला, नौदलात गेली 2014 ला. विशाखापट्टणम नावाच्या विनाशिकेला आठ वर्षं लागली. परवाच्या सुरतचा कणा 2019 चा, म्हणजे पाच वर्षांच्या वर थोडं. त्याच गोदीत, त्याच चिखलात! काम तुटलं नाही आणि पद्धत बदलली. आपण आधी सांगाडा उभा करायचो आणि मग पाईप घेऊन भोकाभोकांतून सरपटायचो. आता पाईप, केबल बसवलेले अख्खे ठोकळे तयार होतात आणि 300 टन पेलणारी गोलायथ क्रेन ते उचलून जागेवर ठेवते. तुझी कंबर वाचली असती.

सुरत 163 मीटर लांब, 7400 टनांची, त्यात ब्राह्मोस आणि बराक क्षेपणास्त्रं. पण मी तुला फुगवून सांगणार नाही. पंचाहत्तर टक्के माल देशी म्हणतात आणि तो आहेच, पण जिच्यावर बोट पळते ती गॅस टर्बाइन, म्हणजे तिचं इंजिनच, युक्रेनची आहे. युद्ध तिकडे आणि सुट्या भागांची काळजी इकडे. पोलादाचं मात्र आपण जमवलं. कोचीत बांधलेल्या विक्रांतसाठी रशियाचं पोलाद मिळेना, तेव्हा आपल्या लोकांनी घरी तयार केलं, आणि 2022 मध्ये 262 मीटरची ती विमानवाहू बोट नौदलात दाखल झाली. विशाखापट्टणमकडे अरिहंत आणि अरिघात या अणुपाणबुड्या आहेत, पण त्यांच्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही, तेच बरं.

आता तुझ्या नातवाच्या कामाची गोष्ट. गेल्या 30 डिसेंबरला एक करार झाला. आपल्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेत एक यंत्रणा तयार झाली आहे, तिच्यामुळे पाणबुडीला बॅटरी भरायला सारखं वर यावं लागणार नाही. ती बसवायची कशी ठाऊक आहे? बोट मधोमध कापायची, यंत्रणेचा तुकडा आत घालायचा आणि दोन्हीकडून पुन्हा जोडायची. धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून झोप यायची नाही. गोल कवच, सगळीकडून पाण्याचा दाब, आणि तो जोड कोणीतरी हाताने घालणार.

पण एक खटकतं, तेही लिहितो. वाघशीर ही सहावी, स्कॉर्पीनची शेवटची. पुढच्या सहा पाणबुड्यांची बोलणी चालू आहेत आणि ती कितीतरी वर्षं चालूच आहेत. तिथे पुन्हा ताडपत्री पडली तर पोरगा निदान फ्रिगेटवर राहील, कारण निलगिरीच्या जातीच्या आणखी तीन माझगावात पुऱ्या व्हायच्या आहेत. म्हणून त्याला नुसतं पाणबुडीचं वेड लावू नकोस. सगळ्या जातीचं वेल्डिंग शिकू दे, डोळ्यांना जपायला सांग, आणि काच न लावता ठिणगीकडे बघितलं की कानफटात लाव, जशी मला तू लावली होतीस.

तुझ्या दारातून खांदेरी किल्ला दिसतो. त्याचं नाव दिलेल्या पाणबुडीवर मी काम केलं, हे नातवाला सांगितलंस का? शिवरायांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीची माणसं छोट्या होड्यांतून इंग्रजांच्या मोठ्या गलबतांना चुकवून रात्री सामान नेत, ती गोष्ट त्याला पाठ असेलच.

फेब्रुवारीत मांडव्याच्या लाँचने येतो. पोराला लोखंडाचे दोन पत्रे आणि वेल्डिंगचे थोडे रॉड आणून ठेवायला सांग. आधी हात बघतो, मग फॉर्म भरू. वहिनींना नमस्कार. सुके बोंबील मागत नाही, पण ठेवलेस तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
वसंता