मालिकेमागचा कादंबरीकार

महोदय,

‘द वायर’ या अमेरिकी गुन्हेगारी मालिकेच्या लेखकांपैकी एक, एवढ्यावरच कादंबरीकार रिचर्ड प्राइस यांची बोळवण होते, हे फार खटकतं. १९७४ च्या ‘द वाँडरर्स’पासून त्यांच्या कादंबऱ्या मी ओळीने वाचत आलोय. ‘क्लॉकर्स’मधला (१९९२) स्ट्राइक, अमली पदार्थ विकणारा पोरगेला तरुण, बाकावर बसून अल्सरची आग शमवायला व्हॅनिलाचं पेय पितो, बोलताना अडखळतो. खुनाच्या तपासाइतकीच त्याच्या पोटाची काळजी लागून राहते. ‘लश लाइफ’मधल्या (२००८) पोलिसी जबाबांत तर ‘द कलर ऑफ मनी’च्या पटकथेला ऑस्कर नामांकन मिळवणारा हात स्पष्ट दिसतो. इंदुरातल्या मराठी वाचनालयांनी निदान ही दोन पुस्तकं घ्यावीत. आमच्या रामबागेतली मुलं रात्र-रात्र गुन्हेगारी मालिका बघतात, त्यांना ती नक्की आवडतील.

एक वाचक, रामबाग, इंदूर