फायरप्लेसचा धूर खोलीत, धुराडं आढ्याच्या खाली : काम दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

महाबळेश्वर येथील आमच्या बंगल्यात आपल्या कंपनीने दिवाळीच्या तोंडावर फायरप्लेस आणि धुराडं बसवून दिलं. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. पैसे आपल्याकडे पूर्ण पोचले. धूर मात्र आमच्या दिवाणखान्यातच राहिला आहे. वेण्णा तलावाकाठी दव गोठण्याइतकी थंडी पडली की फायरप्लेस पेटवावी, तर थोड्याच वेळात डोळे चुरचुरायला लागतात आणि खिडक्या सताड उघडाव्या लागतात. खिडक्या उघड्या टाकूनच शेकायचं, तर अंगणात शेकोटी काय वाईट होती?

लाकूड ओलं असेल, असं आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. लाकूड वाईहून आणलेली बाभूळ आहे. गेल्या उन्हाळ्यात फोडून पडवीत रचून ठेवलेली. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात. दोष लाकडाचा नाही. आम्ही टेप घेऊन मोजमाप केलं, ते असं.

आपल्या माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय मानकांनुसार उभारणी’ असं ठळक छापलं आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या (एनएफपीए) धुराड्यांविषयीच्या २११ क्रमांकाच्या मानकातला नियम साधा आहे : धुराडं छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर हवं, शिवाय आडव्या १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येतो त्याच्यापेक्षा किमान २ फूट उंच हवं. आमचं आढं धुराड्यापासून आडवं ६ फुटांवर आहे आणि कौलं फोडून पाइप निघतो त्या जागेपासून साडेतीन फूट उंच. म्हणजे पाइप कौलांवर साडेपाच फूट हवा. आपण ठेवलाय २ फूट. म्हणजे धुराड्याचं तोंड आढ्याच्याही दीड फूट खाली!

याचा परिणाम इथे राहणाऱ्या कुणालाही कळेल. थंडीत वारा पूर्वेकडून येतो आणि धुराडं पश्चिमेच्या उतारावर आहे. आढ्यावरून उडी मारून वारा नेमका पाइपाच्या तोंडात उतरतो आणि वर निघालेला धूर खाली दाबतो. वारा पडलेला असतानाही धूर वर खेचणारी ओढ अपुरीच. गरम हवा हलकी म्हणून वर जाते. पाइप जितका उंच आणि आतून जितका गरम, तितकी ओढ चांगली. चुलाण्यापासून पाइपाच्या टोकापर्यंत आमच्याकडे जेमतेम १४ फूट भरतात, त्यातही मध्ये काटकोनाची दोन वळणं. वळण घ्यायचंच तर उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत घेतात. इथे धूर आधी भिंतीला धडकतो, मग वाट शोधतो.

पाइपाचा व्यासही चुकला आहे. फायरप्लेसचं तोंड ३६ बाय ३० इंच, म्हणजे १०८० चौरस इंच. धूर जायची वाट त्याच्या साधारण एक दशांश लागते. आपला ८ इंची पाइप ५० चौरस इंच भरतो, म्हणजे एकविसावा हिस्सा. १२ इंची घातला असता तर ११३ भरले असते. हे गणित कोटेशन देतानाच कुणीतरी करायला हवं होतं.

धूर एक वेळ सहन करू, पण पुढची गोष्ट नाही. एकेरी पत्र्याचा तोच पाइप छपरातून नेताना सागवानी वाशाला अक्षरशः टेकवला आहे. आत्ताच तिथलं पॉलिश फुगून पापुद्रे निघालेत आणि लाकूड हाताच्या पंजाएवढं तपकिरी पडलंय. एकेरी पाइप लाकडापासून १८ इंच लांब ठेवायचा असतो आणि छपरातून तर न्यायचाच नसतो. तिथे आत उष्णतारोधक भरलेला दुहेरी पाइप लागतो, आणि त्यालाही २ इंच मोकळी जागा. आमचं छप्पर लाकडी आहे हे पाहणीला आलेल्या आपल्या इंजिनिअरना दिसलं नसेल, असं वाटत नाही.

‘वर एक्झॉस्ट फॅन बसवून देतो, वेगळा खर्च पडेल,’ हा आपला तोडगा आम्हाला मान्य नाही. इथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. निखारे धगधगत असताना फॅन बंद पडला, तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही खोलीत साठेल. त्याला वासही येत नाही.

तेव्हा दुहेरी, १२ इंची, काटकोनी वळणं नसलेला आणि कौलांवर साडेपाच फूट निघणारा पाइप बसवून द्यावा. एवढा उंच पाइप वाऱ्यात टिकणार नाही, असं आपला माणूस म्हणाला. त्यासाठी आधाराच्या सळ्या असतात. टोपीला लावलेली डासांची बारीक जाळी काजळीने बुजली आहे, तीही बदलावी. भाजलेला वासा आपल्या खर्चाने तपासून द्यावा. हे जमत नसेल तर सगळं उतरवून न्यावं आणि पूर्ण रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सातारा जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे आम्हाला पुण्याला हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

माणसं पाठवाल तेव्हा कौलं उतरवायची सवय असलेला एक तरी गडी पाठवा. मागच्या खेपेला फुटलेली मंगलोरी कौलं अजून प्लास्टिकच्या कागदाखाली आहेत आणि तो कागद इथल्या पावसात टिकणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक
सोबत : बिलाची प्रत, मोजमापाचा कच्चा नकाशा, वाशाचे फोटो