गरम हवेच्या यंत्रासाठी आवाहन (अक्षय्य तृतीयेच्या आत)

सर्व सभासद, हितचिंतक व जुन्या देणगीदारांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या रुग्णालयाचं शस्त्रक्रियागृह फरशीपासून दिव्यापर्यंत लोकवर्गणीतून उभं राहिलं, हे आम्ही अभिमानाने सांगतो. इतवारीच्या कापडवाल्या बंधूंनी दिलेली ब्लँकेटं आजही धुऊन वापरतो. महालातल्या काकूंनी यजमानांच्या पेन्शनच्या थकबाकीतून मॉनिटर दिला, वर "नाव लिहाल तर परत नेईन" असा दम भरला. धरमपेठेच्या भिशीतल्या ताईंनी तर एक अख्खी भिशी सलाईनच्या स्टँडवर आणि ट्रॉल्यांवर घातली. ही माणसं मंडळाचं वैभव आहेत.

गेल्या सभेत शस्त्रक्रियेच्या वेळी पेशंटला ऊब देणाऱ्या गरम हवेच्या यंत्राचा विषय निघाला तेव्हा मागून आवाज आला, "नागपुरात गरम हवा कायले इकत घ्यायची?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पेटीत मात्र चहाचा खर्चही जमला नाही. लागलं ते मनाला.

म्हणून पुन्हा सांगतो. बाहेर ४५ अंश असोत, आत एसी चालू असतो आणि पेशंट जवळपास उघडा असतो. त्यात भूल दिली की शरीराची ऊब सांभाळण्याची ताकद मंदावते, कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली उष्णता हातापायांकडे पसरते. पहिल्या तासातच तापमान अंश-दीड अंशाने उतरतं. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या भुलेतही हे टळत नाही. ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की रक्तस्राव वाढतो, भूल उतरायला उशीर होतो, हुडहुडी भरते. १९९६ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : ऊब राखलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, थंड पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या. ब्लँकेट असलेली ऊब थोडी धरून ठेवतं, नवी देत नाही; इतवारीच्या बंधूंनी गैरसमज करून घेऊ नये.

गरम हवा सोडणारं यंत्र, सलाईन कोमट करणारं उपकरण आणि तापमान मोजायचे प्रोब हवेत. त्याहून गरज आहे ती यंत्राला जोडायच्या, गरम हवा अंगावर पसरवणाऱ्या पांघरुणांची. प्रत्येक पेशंटला नवं लागतं, नंतर टाकून द्यावं लागतं. यंत्राला दाता मिळेलही, त्यावर पाटी लागते. पांघरुणाला कोण पुढे येतो ते बघायचं आहे. पांघरुणाशिवाय यंत्राची नुसती नळी अंगावर सोडता येत नाही, भाजतं.

धनादेश मंडळाच्या नावे. रोख २,००० रुपयांपर्यंतच, त्यापुढे आयकर सवलत नाही. क्यूआर कोड व कोटेशन कार्यालयात, सायं. ६ ते ८, रविवार बंद. गरम पाण्याच्या पिशव्या, घरच्या इलेक्ट्रिक चादरी कृपया आणू नयेत. भुलेतल्या पेशंटला चटका कळत नाही. पावती त्याच दिवशी घ्यावी.

आपला,
सचिव