भाडेकरूंनाही सौरऊर्जेत वाटा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घणसोली गावात आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहतो. खिडकीतून समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरची सौर पॅनलं दिसतात. लिफ्टचं आणि पंपाचं बिल बरंच उतरलं, असं तिथे वॉचमन असलेले माझे दीर सांगतात. चांगलंच झालं. छपरावर सौर पॅनलं बसवायला अनुदान देणाऱ्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरमालकाला ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपये मिळतात, सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. हा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे साबणाच्या वडीवर जीएसटी भरणाऱ्या आमचाही. पण योजनेत शिरायला छप्पर आपलं लागतं आणि मीटरही आपल्याच नावाचा. आमच्याकडे दोन्ही नाही.

मीटरचं जरा सविस्तर सांगते. आमच्या मजल्यावर पाच खोल्या, मीटर एकच, मालकाच्या नावाचा. जिन्याखाली पाच सबमीटर आहेत. एक तारखेला मालकाचा मुलगा वही घेऊन येतो, आकडे टिपतो आणि सरसकट युनिटला १५ रुपये लावतो. एक पंखा, दोन ट्यूब, टीव्ही, छोटा फ्रिज. आमचे जेमतेम ८५ युनिट होतात. स्वतःचा मीटर असता तर सगळे १०० युनिटांपर्यंतच्या सर्वांत स्वस्त टप्प्यात बसले असते. पाच खोल्यांची बेरीज एका मीटरवर पडते आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. समोरच्या सोसायटीत एसी चालवणाऱ्यांना अनुदान आणि पंख्यावर भागवणाऱ्यांना चढा दर, हा कुठला न्याय?

विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेत राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. प्रत्यक्षात मालकाचं ना-हरकत पत्र आणा म्हणतात. माझ्या मिस्टरांनी ते एकदा मागितलं. पुढचे दोन महिने आम्ही दुसरी खोली शोधत फिरत होतो.

दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम केले. पॅनलं एका जागी बसतात आणि तयार झालेल्या युनिटांची वजावट अनेकांच्या बिलांत होते. १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात, म्हणजे आमच्यासारख्या एका घराची सोय झाली. पालिकेच्या शाळांच्या गच्च्यांवर पॅनलं बसवून त्यातला वाटा गावठाणातल्या भाडेकरूंना द्यावा. मात्र वजावटीला आमच्या नावाचं बिल तर हवं! म्हणून आधी राहत्या जागेच्या पुराव्यावर, मालकाच्या सहीविना मीटर द्या.

एक भाडेकरू,
घणसोली गाव, नवी मुंबई