विषय : ‘रुग्ण फिट आहे’ असा शेरा मारून बंद केलेली माझी तक्रार

व्यवस्थापक,

तुमच्या मदतवाहिनीवर सत्तावीस मिनिटं घालवून आत्ताच फोन ठेवलाय. माझ्या कुत्र्याच्या पिल्लाचं नाव, वय, वजन तुमच्या नोंदीत आहे, पुन्हा सांगत बसत नाही.

पहिला फोन केला तेव्हा ताप, डोळ्यांत पिवळी चिपडं, शेंबूड आणि खोकला होता. तुमचा सल्ला : साधी सर्दी आहे, वाफ द्या आणि ‘मन रमायला इतर कुत्र्यांत खेळायला न्या’. लसीचे डोस पुरे झालेत का, हे कुणी विचारलं नाही. (शेवटचा राहिला होता. ती चूक माझी. पण विचारायचं काम तुमचं.) दोन दिवसांत ताप उतरला आणि तुमच्या अ‍ॅपने फुगे उडवून कळवलं, ‘अभिनंदन, तुमचा दोस्त बरा झाला!’ तक्रार बंद. त्याला झालेल्या डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांच्या या विषाणूजन्य रोगाचा, ताप चढतो, उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो, हे प्राण्यांचा वैद्यकीय सल्ला विकणाऱ्या कंपनीला मी शिकवायचं?

मग जुलाब. मग पंजे. तळव्यांच्या गाद्या चामड्यासारख्या टणक झाल्या, फरशीवर चालला की टकटक वाजायचं. नाकाचा शेंडाही भेगाळला. फोटो पाठवले, तर उत्तरात तुमच्याच दुकानातल्या मलमाची लिंक! या रोगाला ‘हार्ड पॅड’ म्हणतात ते उगीच नाही.

त्यानंतर एका रात्री त्याचा जबडा काहीतरी चघळल्यासारखा कटकट चालायला लागला, तोंडाला फेस आला, आडवा पडून पाय झाडू लागला. तेव्हाच्या फोनची नोंद तुमच्याकडे आहे. ती तक्रार का बंद केली, एवढंच मी आज विचारलं.

“मॅडम, इथे ‘फिट’ लिहिलंय.”
“हो, फिट आली होती त्याला.”
“मग फिट आहे ना?”
“अहो, फिट आली! झटके! आकडी!”
“कुठला आकडा, मॅडम? तक्रार क्रमांक का?”

मी हसले नाही. माझ्या मांडीवर तेव्हा त्याचा डावा पाय उडत होता. झोपेतही उडतो, ठरावीक ठेक्यात. तुमच्या माणसाने मात्र तोंडावर हात धरून हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

पुढे वरिष्ठ आले. म्हणाले, “डिस्टेंपर आता राहिलेलाच नाही.” साहेब, २०११ साली जगातून गेल्याचं जाहीर झालं ते गुरांच्या बुळकांडीबद्दल. हा तिच्याच कुळातला, गोवराच्याही, पण हा अजून आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंह याच विषाणूने झटके येऊन मेले. त्यांनाही तुम्ही वाफच सांगितली असती.

इथल्या डॉक्टरांनी पंजे आणि डोळे पाहूनच ओळखलं, नमुना तपासून खात्री केली आणि त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवायला लावलं. विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाईन, फुप्फुसातल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक आणि झटक्यांचं औषध, यावर तो तगलाय. पायाचं उडणं बहुधा जन्मभर राहील. नवे दात येतील तेही कदाचित जागोजागी वरचं कठीण आवरण (एनॅमल) नसलेले.

आणि हो, ‘इतर कुत्र्यांत न्या’. आजारी पिल्लाच्या शिंकेतून, खोकल्यातून पसरणारा हा रोग. तुमच्यावर विश्वास ठेवून मी त्याला दोन कुत्र्यांबरोबर खेळवलं. त्यांच्या मालकांना फोन मी केले. तुमच्या अ‍ॅपचे फुगे तेव्हा कुठे होते?

वर्षाची वर्गणी परत हवी. नोंदीतला तो शेरा काढून जे घडलं ते लिहा. आठ दिवसांत झालं नाही तर ग्राहक आयोगात जाईन, आजच्या फोनचं रेकॉर्डिंग तिथेच ऐकू. फोन करू नका, लेखी कळवा. त्यात ‘फिट’ हा शब्द मात्र नको.