तणनाशकाआधी गवताचे बी जमवा

महोदय,

माळरानावरचे गाजर गवत तणनाशकाने मारून तेथे मूळची गवते पुन्हा पेरावीत, असा विचार आमच्या भागात वरचेवर ऐकू येतो. मी त्याच्या विरोधात नाही; मात्र या कामात बियाण्याचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि तेथेच सगळे फसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गायरानाच्या एका पट्ट्यावर भर पावसाळ्यात सरसकट ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले गेले. हे औषध तण आणि गवत असा भेद करत नाही. हिरव्या पानातून ते मुळापर्यंत उतरते. गाजर गवताबरोबर पवना, मारवेल आणि डोंगरी गवताचे जुने ठोंबही वाळून गेले, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत टाकायला मूठभर बी कोणाकडे नव्हते. पुण्यात १९५५ साली प्रथम आढळलेल्या गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात व त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पुढच्या पावसात तो पट्टा पूर्वीपेक्षा दाट गाजर गवताने भरला.

टू-फोर-डी हे रुंद पानांच्या वनस्पती मारणारे तणनाशक फवारले तर गाजर गवत मरते आणि मूळचे गवत वाचते हे खरे. पण माळ म्हणजे नुसते गवत नव्हे. रानमूग, विष्णुक्रांत यांसारख्या रुंद पानांच्या वनस्पतीही त्याने मरतात, आणि मेंढरांच्या चाऱ्यातला कस बराचसा रानमुगासारख्या द्विदल वनस्पतींतून येतो. माळावर घुसलेली वेडी बाभूळ तोडल्यावर पुन्हा फुटते, तेव्हा ताज्या बुंध्यावर ब्रशने औषध लावणे मला समर्थनीय वाटते, कारण ते आजूबाजूच्या गवतावर पडत नाही. ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीडनियंत्रण चालकांमार्फत, म्हणजे हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्यांमार्फत, व्हावी, अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली, याचाही गावांना विसर पडलेला दिसतो.

पवन्याचे बी पावसाळा सरताना पिकते आणि लगेच झडू लागते, म्हणून ते जवळच्याच चांगल्या माळावरून वेळेत हाताने ओरबाडून घ्यावे लागते. ताजे बी नीट उगवत नाही. ते कोरडे ठेवून पुढच्या जूनमध्ये, वाऱ्याने उडू नये म्हणून ओलसर माती व शेणखतात मिसळून, अगदी वरवर पेरावे. मारवेलचे ठोंब लावलेले अधिक बरे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे मारवेलचे वाण चाऱ्यासाठी उत्तम आहेत, पण माळ पूर्ववत करायचा तर स्थानिक बियांचे मिश्रणच हवे. वळवाच्या पावसावर उगवलेले गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटले, तर पेरलेल्या गवताला वाढायला अवसर मिळतो. नव्या पेरणीवर पहिली दोन वर्षे चराई थांबवावी लागते, आणि तो निर्णय धनगर बांधवांशी बोलूनच व्हायला हवा.

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी रोपवाटिका कामाला लावल्या. वन विभागाने त्याच रोपवाटिकांत काही वाफे स्थानिक गवतांच्या बियाण्यासाठी राखावेत आणि बी हाती येईपर्यंत कोणत्याही गायरानावर सरसकट फवारणीस परवानगी देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, इंदापूर (जि. पुणे)