निवड चाचणीत बूट पाहू नयेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रग्बीचे मैदान साताऱ्यात कोणी पाहिले नसेल, तरी दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा कर्णधार सिया कोलिसी याच्याविषयी लिहावेसे वाटते. पोर्ट एलिझाबेथच्या झ्विडे या गरीब वस्तीत १९९१ साली जन्मलेला आणि आजीने वाढवलेला हा मुलगा बाराव्या वर्षी निवड चाचणीला गेला, तेव्हा खेळाचा पोशाख नसल्याने तो आतल्या चड्डीवरच मैदानात उतरला. त्याच वयात एका युवा स्पर्धेत पारख करणाऱ्यांनी त्याचा खेळ तेवढा पाहिला आणि ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळाली.

२०१८ मध्ये तो कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर इंग्लंडविरुद्धच्या त्याच्या पहिल्याच सामन्यात संघ ३-२४ असा मागे पडूनही अखेर ४२-३९ असा जिंकला. गोऱ्यांचा म्हणून ज्या संघाच्या पराभवाची कृष्णवर्णीय प्रेक्षक एकेकाळी वाट पाहत, त्याची ६ क्रमांकाची जर्सी १९९५ साली याच मैदानावर नेल्सन मंडेलांनी अंगात घातली होती. आज तोच क्रमांक कोलिसीच्या पाठीवर आहे. २०१९ आणि २०२३ असे सलग दोन विश्वचषक त्याने जिंकून दिले. दुसऱ्या वेळी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून तो काही महिन्यांतच परतला होता, आणि अंतिम सामन्यात पिवळे कार्ड मिळून १० मिनिटे बाहेर बसला असतानाही संघाने आघाडी सोडली नाही व न्यूझीलंडला १२-११ असे हरवले. माझ्या मते त्याच्या कर्णधारपदाची खरी परीक्षा त्या १० मिनिटांत झाली.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी एका निवड चाचणीत माण तालुक्यातल्या माझ्या विद्यार्थ्याला पायात बूट नाहीत म्हणून धावण्याआधीच रांगेतून बाजूला काढले गेले. चुन्याच्या रेषेपलीकडे उभा राहून तो इतरांच्या शर्यती पाहत होता. एसटीने परतताना अवाक्षर बोलला नाही. गोळेश्वरच्या ज्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले, त्यांच्या जिल्ह्यात हे घडले, याचे वैषम्य वाटते.

तेव्हा तालुका पातळीवरच्या प्रत्येक चाचणीला निरनिराळ्या मापांच्या बुटांची एक पेटी मैदानावर ठेवावी आणि बूट नसलेल्याला अनवाणी धावायचे असल्यास तशीही मुभा द्यावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा